‘तुम्ही तर बारीक आहात’: पीसीओएसचं एक प्रकरण

रुग्ण २७ वर्षांची. पुण्यात एका बँकेत नोकरी, माहेर सातारा जिल्ह्यातलं, लग्नाला दीड वर्ष झालेलं. तिच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पहिल्या भेटीतली तक्रार अशी: पाळी तीन-चार महिने येत नाही, आणि आली की दहा दिवस थांबत नाही. शेवटची पाळी येऊन ११५ दिवस झाले होते.

तिच्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये आठ वर्षांचे कागद होते. एकोणिसाव्या वर्षी, कॉलेजात असताना, सोनोग्राफी झाली. ‘पीसीओडी’ असा शेरा पडला (पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, या संप्रेरकांच्या आजाराचंच जुनं नाव) आणि तीन महिन्यांच्या गर्भनिरोधक गोळ्या मिळाल्या. गोळ्या चालू असेपर्यंत पाळी वेळेवर आली, संपल्यावर पुन्हा गायब झाली. तेविसाव्या वर्षी त्याच गोळ्या. लग्नाची तारीख पाळीत येऊ नये म्हणून आणखी एकदा वेगळ्या गोळ्या. लग्नानंतर एका डॉक्टरांनी तिच्याकडे पाहून सांगितलं, “तुम्ही तर बारीक आहात, तुम्हाला कसला पीसीओएस? एक मूल होऊ द्या, सगळं सुरळीत होईल.” त्यानंतर ती कोणाकडे गेलीच नाही. मामेबहिणीला हाच आजार होता. तिच्या चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सअॅपवर मागवला आणि त्यातली मेटफॉर्मिन (मधुमेहात देतात ती साखरेची गोळी) व गर्भनिरोधक गोळी स्वतःच सुरू केली. मामेबहिणीचं वजन ८४ किलो, हिचं ५४. पोट बिघडलं, डोकेदुखी वाढली, दोन महिन्यांनी तिने सगळं सोडून दिलं.

या प्रकरणाचं मर्म त्या फोटोत आहे. दोघींच्या कागदांवर आजाराचं नाव एकच होतं. पण एकीला योग्य असलेली गोळी दुसरीला धोक्याची होती, आणि ते ओळखायला महागडी जनुकीय तपासणी लागणार नव्हती. चार प्रश्न, एक मोजपट्टी आणि एक साधी रक्तचाचणी एवढं पुरेसं होतं.

विचारल्याशिवाय कळलं नसतं असं

मी नेहमी विचारते तेच तिलाही विचारलं, “आज सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?” पाळीचं उत्तर येईल असं वाटलं होतं. तिने तोंडावरचा मास्क खाली केला. हनुवटीवर आणि जबड्याखाली वस्तऱ्याच्या खुणा होत्या, काही ठिकाणी केस आत वळून झालेल्या लाल पुटकुळ्या. दर चार दिवसांनी थ्रेडिंग, मधल्या दिवसांत पर्समधला रेझर. कोविडच्या दिवसांत लावलेला मास्क तिने नंतर काढलाच नव्हता. बँकेत काउंटरवर बसणं टाळून आतलं काम मागून घेतलं होतं. नवऱ्याला यातलं निम्मंही ठाऊक नव्हतं. आठ वर्षांच्या कागदांत या केसांचा एका शब्दानेही उल्लेख नाही, कारण तपासणीच्या दिवशी ती नेहमी स्वच्छ करून जायची आणि कोणी विचारायचं नाही. अंगावरच्या जाड केसांची मोजणी शरीराच्या नऊ भागांवर गुण देऊन करतात. पण आपल्याकडे थ्रेडिंग-वॅक्सिंग इतकं सवयीचं आहे की डोळ्यांनी बघून मिळालेला आकडा नेहमी कमी येतो. काढता काय, किती दिवसांनी काढता, असं विचारावंच लागतं.

दुसरा प्रश्न डोकेदुखीचा होता. अर्धशिशी आहे, आईलाही आहे, एवढं तिने सांगितलं. दुखायला लागण्याआधी काही होतं का, असं विचारल्यावर ती म्हणाली, “हो मॅडम, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या वाकड्यातिकड्या रेषा येतात. कागदावरचे आकडे अर्धे दिसत नाहीत. वीसेक मिनिटांनी जातात आणि मग ठणका सुरू होतो.” हे लक्षण म्हणजे ऑरा. ऑरा असलेल्या अर्धशिशीत इस्ट्रोजेन असलेली संयुक्त गर्भनिरोधक गोळी देऊ नये. अशा स्त्रियांना पक्षाघाताचा धोका मुळातच थोडा जास्त असतो आणि इस्ट्रोजेन तो आणखी वाढवतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत ही अवस्था चौथ्या, म्हणजे ‘वापरूच नये’ या वर्गात आहे. पीसीओएसला सर्वाधिक लिहिली जाणारी गोळी नेमकी हीच, आणि हिला ती आयुष्यात दोनदा दिली गेली, शिवाय तिसऱ्यांदा तिने स्वतः घेतली. सुदैवाने काही झालं नाही. मात्र ‘गोळीने डोकं जास्त दुखायचं’ हे तिने तेव्हाही सांगितलं होतं, असं ती म्हणाली.

मग मान. मागच्या बाजूला कातडी काळसर, जाडसर, मखमलीसारखी. काखेतही तशीच. लहानपणापासून आई बेसन-दुधाने मान घासायची, पोरगी नीट आंघोळ करत नाही म्हणून ओरडायची. तो मळ नव्हता. रक्तातलं इन्सुलिन सतत चढलेलं असलं की त्वचेच्या पेशी अशा वाढतात. वडिलांना बेचाळिसाव्या वर्षी मधुमेह निघाला होता.

मोजपट्टी आणि ग्लुकोजचं पाणी

उंची १५७ सेंटिमीटर, वजन ५४ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) साधारण २२. भारतीयांसाठी जास्त वजनाची रेषा २३ वर धरतात. ती त्याच्याही खाली. पण कंबर ८३ सेंटिमीटर भरली, आणि भारतीय स्त्रियांसाठी मर्यादा ८० आहे. ‘बारीक आहात’ हे वाक्य इथे खोटं पडतं.

ज्या शहरात ती राहते, त्याच शहरातल्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हा विषय अनेक वर्षं अभ्यासला आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडे हाडकुळ्या दिसणाऱ्या शरीरातही स्नायू कमी आणि पोटाभोवतीची चरबी जास्त असू शकते. पीसीओएसच्या रुग्णांना वजनकाट्यावर उभं करून निकाल देणं म्हणूनच मला पटत नाही.

तपासण्या मोजक्याच सांगितल्या. आधी गर्भधारणा नाही याची खात्री. मग थायरॉईड, प्रोलॅक्टिन आणि १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, कारण याच तक्रारी इतर आजारांतही होतात आणि पीसीओएस म्हणण्याआधी ते बाजूला काढावे लागतात. तिन्ही ठीक निघाल्या. टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-संप्रेरक वरच्या मर्यादेहून थोडं जास्त होतं, आणि त्याला बांधून ठेवणारं एसएचबीजी हे प्रथिन कमी होतं; म्हणजे मोकळं, काम करणारं टेस्टोस्टेरॉन आकड्यावरून वाटतं त्याहून जास्त. हे आकडे विश्वासाचे होते, कारण संयुक्त गोळी बंद करून चार महिने होत आले होते. गोळी चालू असताना ही तपासणी करण्यात अर्थ नसतो, किमान तीन महिने थांबावं लागतं.

पाळीची अनियमितता आणि पुरुष-संप्रेरकांची वाढ, दोन्ही स्पष्ट असल्यामुळे निदानासाठी सोनोग्राफी आवश्यक नव्हती. २००३ च्या रॉटरडॅम निकषांनुसार तीनपैकी दोन गोष्टी पुरतात (तिसरी म्हणजे सोनोग्राफीत दिसणारे अंडाशयांतले अनेक छोटे बीजकोष), आणि २०२३ मध्ये सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही तोच पाया धरतात. सोनोग्राफी केली ती गर्भाशयाच्या अस्तरासाठी. अस्तर १२ मिलिमीटर, जाड. अंडाशयांत वीसहून अधिक छोटे बीजकोष होते. “माझ्या गाठी काढाव्या लागतील का?” हा प्रश्न तिच्या मनात आठ वर्षं होता. ते वाढ अर्ध्यावर थांबलेले बीजकोष असतात, काढायच्या गाठी नव्हेत, हे तिला पडद्यावर दाखवून सांगितलं.

सगळ्यात जास्त बोलकी ठरली साधी ग्लुकोज चाचणी. उपाशीपोटी साखर ९३, अगदी नीट. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ५.६, तेही मर्यादेत. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायल्यावर दोन तासांनी साखर १६२. १४० च्या खाली यायला हवी होती. फक्त उपाशीपोटीची साखर बघितली असती तर तिला पुन्हा एकदा ‘सगळं नॉर्मल’ सांगून घरी पाठवलं गेलं असतं. शिवाय हिमोग्लोबिन १०.४, लोहाचा साठा तळाला गेलेला. अशा वेळी एचबीए१सीवर विसंबताही येत नाही. बी१२ फक्त १४२. ती जन्मापासून शाकाहारी.

काय केलं नाही तेही सांगते. ‘पीसीओएस पॅनेल’ नावाने विकल्या जाणाऱ्या मोठ्या तपासण्या केल्या नाहीत. एलएच आणि एफएसएच या पाळीशी संबंधित दोन संप्रेरकांचं गुणोत्तर निदानाला लागत नाही. उपाशीपोटीच्या इन्सुलिनची पातळी नेहमीच्या कामात उपयोगाची नाही. त्या पैशांत दोन वर्षांच्या ग्लुकोज चाचण्या होतात.

तिच्या शरीरात काय चाललं होतं

पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवतं. ते वाढलेलं इन्सुलिन अंडाशयाला टेस्टोस्टेरॉन जास्त बनवायला लावतं आणि यकृतात एसएचबीजी कमी करतं. बीजकोष वाढता वाढता थांबतात, स्त्रीबीज सुटत नाही. स्त्रीबीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन बनत नाही आणि अस्तर नुसतं वाढत राहतं, मग कधीतरी ढासळून दहा दिवस रक्तस्राव होतो. हनुवटीचे केस, मान, लांबलेली पाळी, कमी हिमोग्लोबिन ही एकाच साखळीची टोकं आहेत. प्रत्येकीत ही साखळी एवढीच ताणलेली नसते. तिच्या मामेबहिणीला तोंडावर जाड केस नव्हते, अर्धशिशी नव्हती, मूल दोन वर्षांनी हवं होतं आणि तोपर्यंत गर्भनिरोधन हवं होतं. तिला तीच संयुक्त गोळी अगदी योग्य होती.

ठरवलं ते

दुसऱ्या भेटीला तिने नवऱ्याला आणलं. मूल वर्षभरानंतर हवं, आत्ता नाही, असं दोघांनी सांगितलं. सासूबाई ‘गोड बातमी’ कधी म्हणून विचारत होत्या. ते दडपण तिच्या एकटीवर होतं, आणि त्या दिवशी ते दोघांत वाटलं गेलं.

पाळीसाठी मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन १० मिलिग्रॅम दहा दिवस. अस्तर झडलं, पाळी आली. पुढे नव्वद दिवसांत आपोआप पाळी आली नाही तर पुन्हा हाच कोर्स, हे ठरवून दिलं. अस्तराची वाढ वर्षानुवर्षं तशीच सोडली तर पुढे गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तरुण वयात तो विरळाच असतो, तरी टाळता येण्यासारखा आहे. गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधनही चाललं असतं. वर्षभरातच मूल हवं म्हणून तिने ते नाकारलं. ही गोळी गर्भनिरोधक नाही हे मुद्दाम दोनदा सांगितलं, कारण उपचारांनी स्त्रीबीज कधी सुटू लागेल सांगता येत नाही. कंडोम वापरायचं ठरलं.

केसांवर स्पायरोनोलॅक्टोन हे औषध चांगलं काम करतं, पण ते चालू असताना गर्भ राहिला आणि तो मुलाचा असला तर त्याच्या वाढीला धोका असतो. पक्क्या गर्भनिरोधनाशिवाय ते देत नाहीत. हिच्याकडे तसं गर्भनिरोधन नव्हतं, म्हणून ते बाद केलं. त्वचारोगतज्ज्ञांकडे लेझरसाठी पाठवलं, आणि एक विनंती चिठ्ठीत लिहिली: फक्त हनुवटी आणि जबड्याचे जाड केस. आपल्या वर्णाच्या त्वचेत गालांवरच्या बारीक लवेवर लेझर मारलं तर काही जणींना तिथे उलट जाड केस येतात. वस्तऱ्याने केस जाड होतात हा मात्र समज आहे. तिला तो अपराधगंड सोडून द्यायला सांगितलं.

मेटफॉर्मिन बारीक रुग्णांना सरसकट देत नाहीत. हिला दिली ती दोन तासांच्या साखरेमुळे आणि वडिलांच्या मधुमेहामुळे. या वेळी हळू विरघळणारी ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी, रात्रीच्या जेवणासोबत, आणि पंधरवड्याने वाढवत १००० पर्यंत. मामेबहिणीचा पूर्ण डोस पहिल्याच दिवशी घेतल्याने पोट बिघडलं होतं. पण मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास बी१२ घटतं, आणि हिचं आधीच तळाला होतं. म्हणून आधी बी१२ ची इंजेक्शनं, मग मेटफॉर्मिन. लोहाच्या गोळ्या चहापासून दूर, लिंबूपाण्यासोबत. मनःस्थितीच्या प्रश्नावलीत मध्यम नैराश्य दिसलं. समुपदेशकांकडे ती सुरुवातीला नाखुशीने गेली, नंतर स्वतःहून जात राहिली. पीसीओएस असलेल्या स्त्रियांत नैराश्य आणि चिंता जास्त आढळतात, तरी आपल्या बाह्यरुग्ण विभागांत हे विचारलंच जात नाही, आणि मला याचं फार वाईट वाटतं.

आहाराबद्दल वजन कमी करायचं हे शब्दच वापरले नाहीत. तिच्या एका आठवड्याच्या जेवणाची नोंद पाहिली. सकाळी पोहे, दुपारी दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, रात्री भात-आमटी. गुरुवार, संकष्टी आणि दोन्ही एकादश्यांना साबुदाण्याची खिचडी. प्रथिनं जवळजवळ नाहीत. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, आणि ज्या दिवशी देहाला विसावा द्यायचा त्या दिवशी साखर सर्वात जास्त चढत होती. उपास सोडायला सांगितलं नाही, तिची श्रद्धा आहे. दही, शेंगदाणे, ताक, राजगिरा यांवर उपास नेला. रोजच्या ताटात मटकी-मुगाची उसळ, पनीर किंवा घट्ट वरण आधी, भात नंतर आणि थोडा. आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं, आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. साखर शोषून घेणारा शरीराचा मोठा भाग म्हणजे मांड्या-पाठीचे स्नायू, आणि हिच्याकडे नेमके तेच कमी. तिने रविवारी नवऱ्यासोबत पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढणं सुरू केलं.

वर्षभरानंतर

वजन ५३ किलो. काट्यावर काहीच घडलं नव्हतं. कंबर ७९. दोन तासांची साखर १३४. हिमोग्लोबिन १२.३, बी१२ चारशेच्या वर. पाळी चाळीस ते पन्नास दिवसांनी आपोआप येऊ लागली, गोळ्यांचा कोर्स सुरुवातीच्या सहा महिन्यांतच दोनदा लागला. अर्धशिशीचे झटके विरळ झाले. केस सगळ्यात हट्टी निघाले. सहा लेझर बैठकांनंतर थ्रेडिंग चार दिवसांवरून तीन आठवड्यांवर आलं. पूर्ण गेले नाहीत, जातील असं वचनही दिलं नव्हतं. मास्क मात्र गेला आणि ती काउंटरवर परत बसू लागली. तिच्या लेखी हाच सगळ्यात मोठा फरक आहे.

मग मुलाचा विचार सुरू झाला. आधी नवऱ्याची वीर्यतपासणी. आपल्याकडे ती अनेकदा शेवटी होते आणि बायको तोवर महिनोन्‌महिने औषधं घेत राहते. ती ठीक आली. फॉलिक अॅसिड सुरू झालं. स्त्रीबीज दर महिन्याला सुटत नसल्यामुळे लेट्रोझोल सुचवली. औषधाच्या दुकानात तिला सांगितलं गेलं, “ही तर कॅन्सरची गोळी आहे,” आणि ती घाबरून परत आली. स्तनाच्या कर्करोगासाठी ती वापरतात हे खरं. भारतात २०११ मध्ये वंध्यत्वासाठी तिच्या वापरावर बंदी आली होती आणि २०१७ मध्ये ती उठली. दरम्यान २०१४ मध्ये अमेरिकेत पीसीओएसच्या ७५० स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात लेट्रोझोल घेतलेल्या २७.५ टक्के स्त्रियांना बाळ झालं, क्लोमिफेन या जुन्या औषधावर १९.१ टक्क्यांना. आज पीसीओएसमध्ये स्त्रीबीज सुटण्यासाठी तीच पहिली पसंती आहे. पाच दिवस, २.५ मिलिग्रॅम, पहिल्या महिन्यात बीजकोष वाढला नाही. दुसऱ्या महिन्यात ५ मिलिग्रॅमवर चौदाव्या दिवशी १९ मिलिमीटरचा एकच बीजकोष दिसला. या महिन्यात काय होतं ते अजून कळायचं आहे. गर्भ राहिला तर सुरुवातीलाच एकदा आणि चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात पुन्हा ग्लुकोज चाचणी, हे तिच्या कार्डावर आत्ताच लिहून ठेवलं आहे. गर्भ राहो न राहो, पीसीओएस संपणार नाही, आणि साखरेवर लक्ष आयुष्यभर ठेवावं लागेल. ते तिला माहीत आहे.

मागच्या भेटीत तिची आई धाकट्या बहिणीला घेऊन आली. वय १५, पाळी सुरू होऊन तीन वर्षं झालेली, पन्नास-साठ दिवसांनी येते, कपाळावर थोड्या पुटकुळ्या, जाड केस नाहीत. “हिचीही सोनोग्राफी करून टाका, म्हणजे वेळेत कळेल,” असा आईचा आग्रह. नाही म्हटलं. पाळी सुरू झाल्यावर पहिली आठ वर्षं सोनोग्राफीतलं चित्र निरोगी मुलींतही तसंच दिसू शकतं, आणि पंधराव्या वर्षी चुकीचा शेरा पडला तर तो पुढची कितीतरी वर्षं फाइलमधून निघत नाही. या वयात निदानाला पाळीची अनियमितता आणि वाढलेली पुरुष-संप्रेरकं, दोन्ही लागतात. हिच्यात पहिलीच आहे. मोठ्या बहिणीमुळे आणि वडिलांमुळे धोका आहे, म्हणून दोन तासांची साखर तेवढी तपासली. ती ठीक आहे. पाळीच्या तारखा लिहून ठेवायच्या, नव्वद दिवस उलटले तर यायचं, हनुवटीवर केस दिसले तर लपवायचं नाही आणि थेट सांगायचं, असं तिला तिच्या ताईसमोरच सांगितलं. तिच्या कागदावर निदानाची जागा मी रिकामी ठेवली आहे.